चौथ्या मजल्यावरून काढलेली पद्मिनी

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी चिंचवडला एका वाहन कंपनीत क्वालिटी विभागात आहे. वय ३४. शाळेत असल्यापासून छोट्या गाड्या जमवतो. आज १:६४ च्या शंभरावर आणि १:४३ च्या पंधरा-वीस डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाड्या कपाटात आहेत. त्यातली सगळ्यांत लाडकी म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. फोटो फोनवर काढतो. हातात घेतली की गाडी खरी वाटते, फोटोत मात्र खेळणं दिसतं. कॅमेऱ्याच्या दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, फुल फ्रेम बॉडी आणि शंभरची मॅक्रो लेन्स घ्या, नाहीतर हा नाद सोडा. मित्र म्हणतो, कॅमेऱ्याचा जमाना गेला, महागडा फोन घे. माझं बजेट ओढूनताणून साठ हजार. बायकोचा प्रश्न वेगळाच: खेळण्यांच्या फोटोंसाठी साठ हजार? घरात दहा महिन्यांची मुलगी आहे, तिचेही फोटो फोनवरच काढतो. काय घेऊ, आणि घरी काय सांगू? सोबत चार फोटो जोडले आहेत.
– एक गाडीवेडा, चिंचवड

गाडीवेडे, नमस्कार.

फोटो जोडलेत हे फार बरं केलंत. नाहीतर मीही बॉडी आणि लेन्सची नावं सांगून मोकळी झाले असते, आणि तुमचे साठ हजार भलत्याच ठिकाणी गेले असते.

पद्मिनीचाच फोटो घेऊ. गाडी जेवणाच्या टेबलावर आहे, तुम्ही खुर्चीत बसलाय, फोन टेबलापासून साधारण एक फूट वर. टप पूर्ण दिसतोय, बॉनेट वरून दिसतंय, दारं मात्र जेमतेम. पद्मिनी १:४३ ची, म्हणजे खऱ्या टॅक्सीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी. आता त्या एका फुटाला ४३ नं गुणा. तीस सेंटीमीटर गुणिले ४३ म्हणजे जवळजवळ तेरा मीटर. एक मजला तीन मीटरचा धरला तर तुम्ही चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून खालच्या टॅक्सीचा फोटो काढलाय. खऱ्या टॅक्सीचा फोटो असा कुणी काढत नाही. आपण टॅक्सी बघतो ती फुटपाथवरून, उभ्या माणसाच्या डोळ्यांतून, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवरून. दीड मीटर भागिले ४३ केलं की साडेतीन सेंटीमीटर येतात. पद्मिनीचा टपही साधारण तेवढाच उंच. म्हणजे लेन्सचा मध्य टपाच्या रेषेत हवा. टप वरून जवळजवळ दिसायलाच नको. १:६४ च्या गाडीसाठी ही उंची सव्वादोन-अडीच सेंटीमीटर होते. तुमच्या चारही फोटोंत मुख्य दोष हाच आहे, आणि तो कुठल्याही कॅमेऱ्यानं जाणार नाही.

हा गुणाकार डोक्यात पक्का बसवा, कारण पुढची सगळी खरेदी त्याच्यावरच ठरणार आहे.

उंचीनंतर अंतर. रस्त्यावर आपण गाडीपासून पाच ते दहा मीटरवर असतो. ४३ नं भागलं की बारा ते तेवीस सेंटीमीटर. याच्या बरंच आत घुसलात तर बॉनेट फुगतं आणि मागची बाजू आखूड दिसते. तुमच्या तिसऱ्या फोटोत तेच झालंय. बहुधा फोननं आपणहून मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा मोड लावला असणार. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो म्हणजे सर्वांत रुंद कोनाची लेन्स असते आणि ती दोन-चार सेंटीमीटरवर नेऊन भिडवते. किड्यांच्या फोटोला ठीक, गाडीला नाही. तो मोड बंद करा, दोनपट झूम लावा आणि वीस सेंटीमीटरवरून काढा. एवढं केलंत तरी गाडीची ठेवण लगेच सुधारेल.

तिसरी गोष्ट जरा खोलात जाऊन सांगते, कारण दुकानदार आणि मित्र दोघंही इथेच चुकतायत. खऱ्या गाडीच्या फोटोत पुढच्या नंबरप्लेटपासून मागच्या दिव्यापर्यंत सगळं स्पष्ट असतं. छोट्या गाडीच्या फोटोत हेडलाइट स्पष्ट आणि मागचं चाक धूसर येतं. डोळ्याला ही धूसरता ओळखीची आहे. जवळच्या, लहान वस्तूकडे बघतानाच ती दिसते. म्हणून बघणारा क्षणात ठरवतो की हे खेळणं आहे. रंगकाम कितीही उत्तम असो, मग उपयोग नाही. ही धूसरता येते कुठून? लेन्सच्या आत प्रकाश येण्याचं जे छिद्र असतं, म्हणजे ॲपर्चर, त्याच्या रुंदीतून. लेन्सच्या मिलिमीटरला एफच्या आकड्यानं भागलं की छिद्राची रुंदी येते, म्हणजे एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं. पंचावन्न मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर ठेवली तर छिद्र वीस मिलिमीटरचं होतं. गुणिले ४३ करा: शहाऐंशी सेंटीमीटर. पद्मिनीच्या जगात तुम्ही कढईएवढ्या डोळ्यानं बघताय! एफ १.४ ची महागडी लेन्स घेतलीत तर तो डोळा आणखी दुप्पट मोठा. पोर्ट्रेटला ज्या लेन्सची मिजास, तीच इथे घात करते.

याउलट पस्तीस मिलिमीटरवर एफ ११ लावलं तर छिद्र तीन मिलिमीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे गाडीच्या मापात तेरा-चौदा सेंटीमीटर. आणि गंमत अशी की तुमच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्रही साधारण तीन मिलिमीटरचंच असतं. सारख्या अंतरावरून फोन आणि एफ ११ वरचा कॅमेरा यांत गाडी जवळजवळ सारखीच स्पष्ट येते. म्हणजे मित्र अर्धा बरोबर आहे: फोन या कामाला वाईट नाही. पण नवा महागडा फोन घेण्यात अर्थ नाही. महाग फोनचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मोठा, म्हणून छिद्रही मोठं, आणि बहुतेक फोनमध्ये ते लहान करताच येत नाही. अशा फोनवर पद्मिनी तुमच्या आत्ताच्या फोनपेक्षा जास्त धूसर येण्याची शक्यता आहे. वर तो पोर्ट्रेट मोड तर चुकूनही लावू नका. नसलेली धूसरता तो मुद्दाम आणून घालतो.

तेव्हा पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. चुकले, एक घ्या: फोनचा छोटा ट्रायपॉड. आणि फोन उलटा करा. कॅमेरे फोनच्या वरच्या टोकाला असतात. फोन डोक्यावर उभा केला की लेन्स टेबलाला टेकायला येते आणि साडेतीन सेंटीमीटरची उंची आपोआप मिळते. मोठ्या कॅमेऱ्याला हे जमत नाही, त्याची लेन्सच सात सेंटीमीटर जाड असते. दोन सेकंदांचा टायमर लावा, बोट लावून फोकस पुढच्या चाकावर बांधा, उजेड जरा कमी करा. महिनाभर असं काढून बघा. या महिन्यात समाधान झालं तर साठ हजार वाचले. माझा अंदाज, होणार नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही फोटो मोठा करून स्क्रू मोजणाऱ्यांतले दिसता. फोन फोटो काढल्यावर स्वतःच्या मनानं तो घासूनपुसून काढतो: लोखंडी जाळीच्या रेघा एकमेकींत मिसळतात, दारावरची बारीक अक्षरं वितळल्यासारखी दिसतात, काळ्या रंगातला उजेडाचा पट्टा तुटतो. इथे फोन संपतो आणि कॅमेरा सुरू होतो.

आता कॅमेरा. मी असते तर एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे दुकानदाराच्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, जुना पण नीट वापरलेला, बाहेर वळणाऱ्या स्क्रीनचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घेतला असता. वळणारी स्क्रीन ही अट मी पहिली ठेवीन, मेगापिक्सेल वगैरे नंतर. लेन्स टेबलाच्या पातळीवर असताना मागच्या, डोळा लावायच्या खिडकीतून बघायचं तर तुम्हाला जमिनीवर झोपावं लागेल. आठवड्यात मान धरेल आणि छंद सुटेल. स्क्रीन वर वळवली की स्टुलावर बसून आरामात फोकस बघता येतो, तोही दहापट मोठा करून. कॅननचा २०० डी किंवा निकॉनचा डी ५६०० यांत हे आहे. दोन्ही चोवीस मेगापिक्सेलचे. घरात लावायला दीड-दोन फुटांची फ्रेम करायची तरी पुरून उरतील. कॅननचा १५०० डी आणि निकॉनचा डी ३५०० स्वस्तात मिळतील, कॅमेरे चांगलेच आहेत, पण त्यांची स्क्रीन वळत नाही. तुमच्या कामाला ते घेऊ नका.

दोनांतला एक निवडा म्हणालात तर २०० डी. कारण एक सोय: कॅननचं ईओएस युटिलिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातून लॅपटॉपवर बसल्या बसल्या फोकस पुढे-मागे हलवता येतो, कॅमेऱ्याला हात न लावता. हे कशासाठी, ते सांगते.

एफ ११ वर १:४३ ची गाडी चौकट भरून काढली, तर खऱ्या अर्थानं स्पष्ट असलेला पट्टा सव्वा सेंटीमीटरच्या आसपास येतो. तिरपी उभी केलेली पद्मिनी मात्र पुढून मागे आठ-नऊ सेंटीमीटर खोल असते. एफ २२ केलं तर पट्टा वाढतो, पण छिद्र इतकं बारीक झालं की प्रकाश कडांना वळतो आणि अख्खा फोटोच मऊ पडतो. एपीएस-सीवर एफ ११ पर्यंत निर्धास्त राहावं, एफ १६ गरजेपुरतं, त्यापुढे नाही. मग उपाय काय? कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, उजेड तोच, सेटिंग सगळं मॅन्युअल, आणि फोकस पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत थोडा थोडा सरकवत दहा-बारा फोटो. मग ते सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे; प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा उचलून एक फोटो बनतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. फोटोशॉपमध्ये सोय आहे, आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही खास याचसाठी बनवलेली सॉफ्टवेअर आहेत. तुम्हाला सवय आहेच नेमक्या कामाची. पहिल्या दिवशी कंटाळवाणं वाटेल, पण मागचा दिवा आणि पुढची जाळी दोन्ही धारदार दिसलेली पद्मिनी एकदा बघितलीत की परत एकाच फोटोवर समाधान मानणार नाही.

काही नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे काम कॅमेरा स्वतः करतो. कॅननचा आर १० (२०२२) फोकस सरकवत फोटो काढतो आणि आतल्या आत जोडूनही देतो. पण नवा घ्यायचा तर साठ हजारांत बसवणं अवघड आहे. फक्त या सोयीसाठी कर्ज काढू नका, ईएमआयवर तर मुळीच नाही.

लेन्स कुठली? कॅमेऱ्याबरोबर येते ती. १८ ते ५५ मिलिमीटर झूम होणारी, १८-५५ ची किट लेन्स. दुकानदार हसेल, हसू दे. त्या लेन्सवर जवळात जवळ फोकसचं अंतर पाव मीटर लिहिलेलं असतं, ते सेन्सरपासून मोजायचं. पूर्ण ५५ वर एवढ्या जवळ गेलात तर लेन्सच्या आवृत्तीप्रमाणे साडेसहा ते नऊ सेंटीमीटर रुंदीची जागा पूर्ण चौकट भरते. आणि १:६४ ची मध्यम आकाराची गाडी केवढी असते? साडेसहा-सात सेंटीमीटर! १:४३ ची पद्मिनी नऊ सेंटीमीटर, तिला ३५ ते ५५ च्या मध्ये कुठेतरी ठेवलं की चौकट भरते आणि अंतरही वीसेक सेंटीमीटर राहतं, म्हणजे गाडीच्या मापात नऊ मीटर. फुटपाथवरून बघितल्यासारखं. मॅक्रो लेन्स घड्याळाच्या चाकासाठी, मुंगीसाठी. तुमच्या गाड्या तेवढ्या लहान नाहीत.

दुकानदारानं सांगितलेल्या शंभरच्या मॅक्रोबद्दलही गुणाकार करून बघा. फुल फ्रेमवर ती लावून पद्मिनी चौकटीत बसवायला चाळीसेक सेंटीमीटर मागं जावं लागतं. गुणिले ४३ म्हणजे सतरा-अठरा मीटर. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून दुर्बीण लावून बघितल्यासारखी चपटी गाडी दिसते. कंपनीच्या माहितीपत्रकाला किंवा संग्रहाची नोंद ठेवायला अशी चपटी, मापशीर प्रतिमा छानच, आणि लेन्स म्हणून ती उत्तम आहे यात वाद नाही. पण तुम्हाला गाडी रस्त्यावर उभी दिसायला हवी आहे. शिवाय फुल फ्रेमवर तेवढीच गाडी सेन्सरवर मोठी पडते, त्यामुळे स्पष्ट पट्टा टिकवायला छिद्र आणखी मिटावं लागतं. म्हणजे दुप्पट पैसे मोजून डोकेदुखी विकत घ्यायची.

जुना कॅमेरा कसा बघायचा. पुण्यात ओळखीतून मिळाला तर उत्तम; नाहीतर मुंबईला फोर्टमध्ये बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, एक दिवस काढून जा. किती क्लिक झालेत ते विचारा. या दर्जाच्या कॅमेऱ्यात तीस-चाळीस हजारांच्या आत असेल तर काळजी नको. लेन्स खिडकीकडे धरून मागून मोबाइलची टॉर्च मारा आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सना ती हमखास लागते, एकदा लागली की काच खाते, आणि शेजारच्या लेन्सला चिकटण्याचीही भीती. धूळ चालेल, बुरशी चालणार नाही, विक्रेता कितीही म्हणो फोटोत दिसत नाही. वळणारी स्क्रीन पूर्ण वळवून बघा, बिजागरी सैल नको. बॅटरी आणि चार्जर मूळ कंपनीचे असावेत. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाकून ठेवा, कपड्यांच्या कपाटात नाही.

एवढं करून तुमचं निम्मं बजेट हातात राहायला हवं. त्यातला पहिला वाटा ट्रायपॉडला. हलका, डुगडुगणारा घेऊ नका, नाहीतर स्टॅकिंगचे दहा फोटो दहा जागी येतील. आणि एक अडचण आधीच सांगते: कॅमेरा टेबलावर ठेवला तर लेन्सचा मध्य चार सेंटीमीटरच्या खाली येत नाही, १:६४ च्या गाडीला ते जास्त होतं. म्हणून गाडी टेबलाच्या अगदी कडेला ठेवा आणि कॅमेरा टेबलाबाहेर, ट्रायपॉडवर, हवा तेवढा खाली.

उजेडाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण फोटो बघून बोलल्याशिवाय राहवत नाही. चारही फोटोंत बॉनेटवर तुमच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ आहे. चार फुटांची ट्यूब गुणिले ४३ म्हणजे बावन्न मीटर लांबीची ट्यूब. चिंचवडमध्ये एवढी ट्यूब कुठं टांगलेली आहे का? गाडीचा पत्रा म्हणजे आरसा. तुम्ही गाडीचा फोटो काढत नसता, गाडीत जे दिसतं त्याचा काढत असता. म्हणून गाडीभोवती काय उभं आहे हे आधी ठरवायचं. खिडकीच्या बाजूला बटर पेपर ताणून लावा, उजेड मऊ होऊन मोठ्या आभाळासारखा पत्र्यावर उतरेल. पलीकडून थर्माकोलचा पांढरा तुकडा. आणि पद्मिनीच्या काळ्या भागाला आकार यायचा तर काळा कार्डपेपरही लागतो: पांढऱ्या प्रतिबिंबाच्या कडेला एक काळी रेघ आली की मडगार्डची गोलाई उठून दिसते. हे कागद बोटबोटभर सरकवत राहायचं आणि स्क्रीनवर बघत राहायचं. माझ्या मते या कामातला खरा आनंद इथे आहे. कॅमेऱ्याचं बटण दाबणं ही शेवटची औपचारिकता. रिंग लाइट मात्र कुणी फुकट दिला तरी नको, प्रत्येक काचेत गोल बांगडी दिसेल.

यापेक्षा सोपा दिवा म्हणजे सूर्य. खऱ्या टॅक्सीवर आणि तुमच्या पद्मिनीवर तो सारखाच पडतो, आकाशात तेवढाच अर्धा अंशाचा दिसतो, त्यामुळे सावलीची धार दोघींची सारखी. सकाळी आठच्या सुमारास गच्चीत जा. पावसाळ्यात ढगाळ दिवस असेल तर अख्खं आभाळच बटर पेपरचं काम करतं.

धुळीचाही हिशेब तोच. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे दोन सेंटीमीटरचा खडा, आणि टपावर पडलेला तुमचा एक केस म्हणजे तीन मिलिमीटर जाड वायर. मऊ मेकअप ब्रश आणि हवेचा रबरी फुगा जवळ ठेवा. कापडानं पुसलंत तर तंतू चिकटतात आणि बोटांचे ठसे पसरतात. खरा डांबरी रस्ता पार्श्वभूमीला घेऊ नका, त्यातली एक सेंटीमीटरची खडी गाडीशेजारी धोंड्यासारखी दिसते. हार्डवेअरच्या दुकानातला काळपट, बारीक दाण्याचा पॉलिश पेपर आणा. त्यावर खडूनं पांढरा पट्टा ओढला की रस्ता झाला.

आता एक उदाहरण, म्हणजे कॅमेऱ्याच्या दुकानात परत मोह झाला तर आठवेल. अमेरिकेत मायकल पॉल स्मिथ नावाचे गृहस्थ होते, २०१८ मध्ये वारले. त्यांनी एल्गिन पार्क नावाचं एक काल्पनिक जुनं अमेरिकी गाव फोटोंमधून उभं केलं, १:२४ च्या गाड्या वापरून. ते उघड्यावर टेबल मांडत, त्यावर गाड्या आणि रस्त्याचा तुकडा, आणि टेबलाच्या मागे खरी झाडं, खरी घरं, खरं आकाश. कॅमेरा साधा, खिशात मावणारा. त्यांचे फोटो बघून लोक खऱ्या जुन्या गावाचे समजत.

ही युक्ती का चालते, तेही गुणाकारातच आहे, आणि तुम्हाला उद्या करता येईल. मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात टेबल मांडा, त्यावर दोन खोकी ठेवून एवढं उंच करा की लेन्स खऱ्या जमिनीपासून दीड मीटरवर येईल. आता लेन्स खऱ्या जमिनीपासून दीड मीटर वर आहे, आणि पद्मिनीच्या रस्त्यापासून साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे तिच्या मापात दीडच मीटर. दोन्ही जमिनी एकाच पातळीत असल्यासारख्या दिसतात. टेबलाची कड संपते तिथून खरं आवार सुरू होतं आणि सांधा दिसत नाही. मागच्या इमारती पन्नास-साठ मीटर लांब असू द्या. गच्चीतून हे करू नका, मागची जमीन खोल दरीत गेल्यासारखी वाटते. गच्ची फक्त उन्हाच्या फोटोंना. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात हटल्या. एखाद्या रविवारी सकाळी फोर्टच्या जुन्या इमारतींसमोर फोल्डिंग टेबल घेऊन उभे राहायची हिंमत असेल, तर तुमच्याइतका चांगला टॅक्सीचा फोटो आता कुणाला सहज काढता येणार नाही. सोबत कुणीतरी असावं, चौकशा होतात.

राहिला घरचा प्रश्न. तुम्ही पत्रात तो शेवटी टाकलात, पण लिहिताना तुमचं मन तिथंच होतं असं वाटतं. “मुलीच्या फोटोंसाठी घेतोय” असं सांगून कॅमेरा घरात आणू नका. पहिल्या रविवारी कॅमेरा टेबलाच्या कडेला आणि मुलगी पलंगावर असली की ती थाप उघडी पडते, आणि पुढच्या प्रत्येक खरेदीला ती ऐकवली जाईल. गाड्यांसाठी घेतोय, पूर्ण रक्कम अमुक, जुना घेतोय म्हणून कॅमेरा साठच्या ऐवजी तीसेक हजारांत भागवतोय, ट्रायपॉड वेगळा, असं सरळ सांगा. महिनाभर फोनवर मेहनत करून काढलेला एखादा फोटो दाखवून सांगितलंत तर जास्त बरं. खेळण्यांचे फोटो या शब्दांचा राग मानू नका. त्यांनी आजवर पाहिलेले फोटो चौथ्या मजल्यावरचेच होते.

आणि मुलीसाठी खरोखरच काही करायचं असेल तर उरलेल्या पैशांतून ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या. स्वस्त असते, हलकी असते, संध्याकाळी घरातल्या उजेडात फ्लॅशशिवाय चालते. तिचं छिद्र अठ्ठावीस मिलिमीटरचं, गाड्यांच्या कामाला अगदी निरुपयोगी, पण मुलीला कशानंही गुणायचं नाहीये. मागचा पसारा, वाळत घातलेले कपडे, सगळं धूसर होऊन फक्त तिचा चेहरा राहील. कॅमेरा आला की पहिला आठवडा हीच लेन्स लावून ठेवा. दहा महिन्यांचं मूल आठवड्यात बदलतं. पद्मिनी जागची हलणार नाही.